विश्वास कमी आहे म्हणून सुटका होत नाही का?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवऱ्याची दारू सुटावी म्हणून गेली काही वर्षं तुम्ही उपास-प्रार्थना करताय. प्रार्थना सभेत डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाल्या, तेल लावून झालं, तरी फरक नाही. सभेतल्या भगिनी म्हणतात तुमचा विश्वास पुरता नाही. सासरचे म्हणतात, देव बदललात त्याची ही फळं. साक्षीच्या वेळेला, देवाने आपल्यासाठी काय केलं ते एकेक जण उठून सांगतो तेव्हा, कोणी तुमच्याकडे बघितलं तरी आता लाज वाटते. आणि शेवटी विचारलंय, भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

मी अहिल्यानगरकडची, आजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती घरातली. नोकरी सगळी दवाखान्यात नर्स म्हणून झाली, त्यामुळे दारूने पोखरलेली घरं आणि त्या घरांसाठी चाललेल्या प्रार्थना, दोन्ही जवळून पाहिल्यात.

आधी त्या भगिनींचं बघू. बायबलात प्रेषितांची कृत्ये, अध्याय 12 काढा. हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो. ते लोकांना आवडलं असं दिसल्यावर पेत्रालाही धरून तुरुंगात टाकतो. मंडळी, म्हणजे तिथले विश्वासणारे, पेत्रासाठी कळकळीने प्रार्थना करते, रात्री देवदूत येतो, बेड्या गळून पडतात, पेत्र बाहेर. हा भाग आपल्याकडे शंभरदा सांगितला जातो. याकोबाचं मरण मात्र एका वाक्यात आटोपतं आणि त्यावर प्रवचन ऐकल्याचं मला आठवत नाही. याकोब प्रभूच्या अगदी जवळच्या तिघांतला होता. त्याच्यासाठी मंडळीने प्रार्थना केली नसेल? त्याचा विश्वास पेत्रापेक्षा कमी होता? पवित्र शास्त्र असं कुठेही म्हणत नाही.

पुढची गंमत तर बघा. सुटलेला पेत्र मार्कच्या आईच्या घरी येतो, दार ठोठावतो. आत तीच माणसं त्याच्याच सुटकेसाठी प्रार्थना करत बसलेली. दारावर गेलेली मुलगी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. आतले म्हणतात, तुला वेड लागलंय. म्हणजे जी मंडळी रात्रभर मागत होती तिचाच भरवसा नव्हता की मिळेल. तरी पेत्र सुटला. विश्वासाच्या मापाने सुटका मोजून मिळत असती तर तो त्या रात्री आतच राहिला असता. पुढच्या वेळी सभेत कोणी टोचून बोललं तर हा अध्याय उघडून समोर ठेवा, भांडायची गरज नाही.

असंच इब्री लोकांस पत्राच्या 11व्या अध्यायात आहे. विश्वासाने कोणी तलवारीच्या धारेतून निसटले, हे 34व्या वचनात. तीनच वचनं पुढे, 37व्या वचनात, त्याच विश्वासाने जगलेले कोणी तलवारीने मारले गेले. लेखकाने दोघांना एकाच यादीत बसवलंय आणि दोघांचा विश्वास नावाजलाय. आपण ती यादी अर्धी वाचतो, एवढंच.

तेव्हा तुमचा विश्वास कमी आहे म्हणून नवरा पितो, हे डोक्यातून काढून टाका. दारूचं व्यसन हा आजार आहे, त्याच्या शरीरातला आणि मनातला. तुमच्या प्रार्थनेच्या तपमानावर तो चढत-उतरत नाही.

मग प्रार्थना करायची कशाला, असं विचाराल. मागायचं म्हणून करायची. आजही मागा, स्पष्ट मागा. शद्रख, मेशख आणि अबेदनगो यांचं उत्तर मला यासाठी फार मोलाचं वाटतं (दानीएल, अध्याय 3). मूर्तीपुढे वाकला नाहीत तर जळत्या भट्टीत टाकीन असं सांगून राजा विचारतो, माझ्या हातून तुम्हांला सोडवील असा कोणता देव आहे? ते म्हणतात, आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे. आणि लगेच पुढे, पण त्याने नाही सोडवलं तरीही आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. हे ते भट्टीच्या अलीकडे उभं राहून बोलतात. आत आपल्यासोबत चौथा कोणी दिसेल आणि आपण वाचू, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. देव करू शकतो यावर शंका नाही, आणि तो करीलच असा हुकूमही नाही. या दोन्ही गोष्टी एका तोंडात मावतात. हल्लीच्या काही सभांमध्ये दुसरं वाक्य उच्चारलं की ते अविश्वासात जमा होतं. माझ्या मते त्या तिघांना तिथे साक्ष द्यायला उभंच केलं नसतं.

आणि देवापुढे रडायला, तक्रार करायला घाबरू नका. स्तोत्र 13 सुरूच होतं ‘कोठवर’ या प्रश्नाने, आणि तोच प्रश्न पुन्हापुन्हा येतो. स्तोत्र 88 तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तिथे स्तुतीची ओळसुद्धा येत नाही. तरी ते उपासनेच्या पुस्तकात आहे. आजारी मुलाच्या बापाने प्रभूला सांगितलं होतं, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. तेवढ्या अर्ध्यामुर्ध्या बोलण्यावर प्रभूने त्याला परत पाठवलं नाही.

सासरच्यांचं म्हणणं मला नवीन नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या घरी काय झालं ते लक्ष्मीबाईंनी स्वतःच ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवलंय, मिळालं तर वाचा. दारू हिंदू घरात आहे, मुसलमान घरात आहे आणि ख्रिस्ती घरात तर आहेच, नाताळात जरा जास्तच. देव बदलल्याने ती येत नाही. यावर वाद घालत बसू नका, सासूबाईंना मुलाची काळजी आहे एवढं त्यातून घ्या. उपचारासाठी न्यायची वेळ येईल तेव्हा त्याच उपयोगी पडतील.

आता भरवसा म्हणजे करायचं काय. मला इथे पंडिता रमाबाई आठवतात, कारण त्यांच्याइतकं एकामागून एक सोसून उभं राहिलेलं माणूस आपल्या महाराष्ट्रात शोधावं लागेल. आई-वडील आणि बहीण दुष्काळात गेली. 1880 साली भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा, पदरात तान्ही मनोरमा. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणून काही पुढचं सोपं झालं नाही. 1889 साली विधवांसाठी शारदा सदन काढलं, तर चार वर्षांत धर्मांतराच्या आरोपावरून पुण्यात गदारोळ झाला, मोठमोठ्या लोकांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. मग 1896-97 चा दुष्काळ. बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. पैशासाठी त्या देवाकडे मागत, हे त्यांनी लपवलं नाही. पण विहिरी खणून घेतल्या, शेती लावली, छापखाना घातला, मुलींना खिळे जुळवायला शिकवलं. 1921 मध्ये मनोरमाही गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती. एप्रिल 1922 मध्ये रमाबाई गेल्या, तोवर बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी पुरं करत आणलं होतं. मुलीसाठी त्यांनी प्रार्थना केली नसेल असं कोण म्हणेल?

म्हणून माझं म्हणणं असं की देवावर सोपवायचं आणि हात चालू ठेवायचे. तुमच्या घरात हात चालवणं म्हणजे काय ते नर्स म्हणून सांगते.

पहिलं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. कोणत्याही सभेत ‘आजपासून बाटली बंद’ असं म्हणवून घेऊन रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला एकदम घरी कोंडू नका. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, घाम, झोप उडणं, फिट येणं, भास होणं असं होऊ शकतं, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. काही लोक त्याला भूतबाधा समजून आणखी मोठ्याने प्रार्थना करतात. तो वैद्यकीय धोका असतो, दवाखान्यात औषधांनी सांभाळता येतो. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, मिलेत गावी आपला सोबती त्रफिम याला आजारीच मागे ठेवून तो पुढे गेला. प्रेषितालाही प्रत्येक दुखण्यावर चमत्कार हाती नव्हता. (द्राक्षारसाचं ते वचन पिणाऱ्यांना बरोब्बर पाठ असतं, हे माहीत आहे. त्यांच्यासमोर काढू नका.)

पुण्यात 1986 सालापासून मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं. तिथे राहून उपचार होतात आणि बायकोलाही बोलावून समजावतात, त्यांचे गट घेतात. लांब पडत असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात विचारा. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, बैठका बऱ्याच गावांत होतात, फी नसते. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे. नवरा जायला तयार नसला तरी तुम्ही एकट्या जा. तिथे कोणी तुमच्या विश्वासाची परीक्षा घेणार नाही.

घरात काय करायचं? त्याच्यासाठी खोटं बोलणं थांबवा. ‘तब्येत बरी नाही म्हणून कामावर आले नाहीत’ हा फोन तुम्ही करू नका. त्याची उधारी फेडू नका. मुलांची फी आणि किराण्याचे पैसे त्याच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा. याला कोणी बायकोचा अधीनपणा सुटला म्हणेल, म्हणू दे. प्यायलेला असताना वचनं ऐकवू नका, सकाळी शुद्धीत असताना एकदाच आणि थोडक्यात बोला.

तुम्ही लिहिलं नाही, पण विचारते. तो मारतो का? मारत असेल तर ‘स्थिर उभे राहा’ हे वचन मार खात घरात राहण्यासाठी नाही. शौल मारायला उठला तेव्हा दाविदाला बायकोने खिडकीतून उतरवून पळवलं. दिमिष्कात शिष्यांनी पौलाला टोपलीत बसवून तटावरून खाली सोडलं. बाळ येशूला घेऊन योसेफ आणि मरीया रातोरात मिसरला निघून गेले. यांच्यातल्या कोणाचाही विश्वास ढळला असं आपण म्हणत नाही. मुलांना घेऊन माहेरी जा, बहिणीकडे जा. 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीचं असेल तर 112. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, त्यात राहत्या घराचं संरक्षणही मागता येतं. बाहेर पडून प्रार्थना चालू ठेवता येते, त्याच्यासाठीसुद्धा.

इतकं केल्यावर तो सुटेल का? मी पाहिलेल्यांपैकी काही सुटले. काही सुटून पुन्हा घसरले, पुन्हा उपचारांना गेले. काही गेले. त्या घरातल्या बायकांच्या प्रार्थनांत मला तरी फरक दिसला नाही. त्यांतल्या काही जणी आजही पहिल्या बाकावर बसतात आणि उपासना संगीतातलं गाणं पुस्तक न उघडता म्हणतात. ज्यांचे नवरे गेले त्यासुद्धा.

राहिला साक्षीचा प्रश्न. साक्ष सुटकेचीच द्यावी लागते असा नियम कुठे नाही. नको असेल तर बसून राहा. द्यावीशी वाटली तर उठून सरळ सांगा की घरी अजून तसंच आहे, आम्ही डॉक्टरांकडे जायचं ठरवलंय, मी प्रार्थना सोडलेली नाही, आणि मंडळीने मला प्रश्न विचारण्याऐवजी दवाखान्यात सोबत करावी. त्याआधी पाळकांना आणि पाळकीणबाईंना घरी बोलावून खरी परिस्थिती सांगा. नवऱ्याला उपचाराला न्यायच्या दिवशी मंडळीतले दोन धट्टेकट्टे भाऊ बरोबर लागतील. ते कोण, हे आत्ताच ठरवून ठेवा.