मॅमथची मूठ आणायची का?

प्रश्न : नमस्कार, मला जुने अडकित्ते, चाकू असं काय काय जमवायची आवड आहे (बायको म्हणते भंगारवाला परवडला). माझा भाचा अटलांटाला असतो, तिथे जूनमध्ये ब्लेड शो म्हणून चाकूंचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथल्या एका कारागिराकडे तो माझ्यासाठी हाताने बनवलेल्या फोल्डिंग चाकूची ऑर्डर देतोय, पातं दमास्कसचं (नक्षीदार पोलाद), मूठ मॅमथच्या, म्हणजे हिमयुगातल्या केसाळ हत्तीच्या, सुळ्याची. म्हणतो मामा, मॅमथ केव्हाच नामशेष झालेत, त्याला कसला आलाय कायदा! दिवाळीला येताना आणू दे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भाच्याला आजच फोन लावा आणि मूठ बदलायला सांगा. चाकू घेऊ नका असं म्हणत नाहीये मी, फक्त ती मूठ नको. हा वाद आपल्याकडे पार सुप्रीम कोर्टात गेला होता, २००३ साली निकाल लागला. व्यापारी तेव्हा तुमच्या भाच्यासारखंच बोलत होते, की हा हत्तीचा नाही, सायबेरियाच्या बर्फातून निघालेला माल आहे. कोर्टाने ऐकलं नाही, बंदी हस्तिदंतावर आहे आणि त्यात मॅमथचाही आला. आता विकायचा नाही, कपाटात ठेवायचाय, हे कस्टमवाल्यांना रात्री दोन वाजता पटवत बसणार का तुम्ही? अमेरिकेतही न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियात त्याची विक्री बंद आहे.

आणि कारण पटण्यासारखं आहे हो. सुळा आडवा कापला की एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात, त्यांचा कोन मॅमथमध्ये ९० अंशांच्या आत, हत्तीत साधारण ११५ च्या वर. पण मुठीच्या पट्ट्या बहुतेक उभ्या कापतात, मग तो कोन दिसणार कुठून? म्हणजे हत्तीचा दात मॅमथ म्हणून खपवायला रान मोकळं. सांबरशिंगाची मूठ सुचवली तर तीही नको, तिथे पण वन्यजीव कायदा आडवा येतो.

त्यापेक्षा मोकुमे-गाने मागा. तांबं, चांदी, पितळ असे थरावर थर तापवून दाबून जोडतात, मग कोरून घासलं की लाकडासारख्या रेषा उमटतात, जपानी तलवारींच्या सामानातली कला आहे ती. नाहीतर टायटॅनियम घ्या, त्यावरचा निळा-जांभळा रंग हा रंग नसतोच, विजेने चढवलेला ऑक्साइडचा पातळ थर असतो, व्होल्टेज बदललं की रंग बदलतो.

दमास्कस मात्र जरूर घ्या. हल्ली त्या नावाने मिळतं ते दोन प्रकारचं पोलाद भट्टीत एकत्र ठोकून केलेलं असतं, नंतर ॲसिडमध्ये बुडवलं की एक थर काळा पडतो, निकेलवाला चकाकत राहतो. जुनं खरं दमास्कस वेगळं, त्यासाठी लागणारं वुट्झ नावाचं पोलाद आपल्या दक्षिण भारतातून जायचं. चाकू घरी आल्यावर पात्याला पितांबरी किंवा चिंच लावू नका, अडकित्त्यांची सवय असेल तुम्हाला, पण इथे नक्षीच पुसट होईल. हात लागला की कोरड्या फडक्याने पुसायचं, तेलाचा हलका हात द्यायचा, आणि चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवायचं नाही, चामडं ओल धरतं आणि गंज चढतो.

पातं तीन-चार इंचांचं असेल तर नऊ इंचांवरच्या पात्यांचा लायसन्सचा नियम लागत नाही. फक्त बटण दाबून उघडणारा नको, आणि दिल्लीमार्गे तर येऊच नको म्हणावं त्याला, तिथे १९८० पासून बटणदार चाकूंबद्दल वेगळी अधिसूचना आहे, ७.६२ सेंटिमीटरच्या पात्यापासून लागू होते. मुंबईला सरळ उतरू दे, चाकू चेक-इन बॅगेत आणि बिल हाताशी.