प्रार्थनेला बसले की डोळा लागतो, माझा विश्वास कमी झालाय का?

प्रिय मावशी, सलाम.
मी वडगाव शेरीत राहते, वय ४२. सासूबाईंना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही नीट कळत नाही. सगळं अंथरुणातच. सकाळी त्यांचं आवरून, डबे करून मी कॅम्पात अकाउंट्सच्या जॉबला जाते, दिवसा एक बाई असते, ती सहाला जाते. रात्री मी दोनदा तरी उठते. मिस्टर चर्चच्या कमिटीवर आहेत, रविवारी त्यांना लवकर जावं लागतं, बुधवारी कॉटेज प्रेयर, म्हणजे कोणाच्या तरी घरी जमून प्रार्थना, असते, त्यामुळे मी नाताळानंतर चर्चला गेलेलीच नाही. रात्री बायबल उघडलं की दोन ओळींत झोप. मध्ये महिला मंडळातल्या एक काकू आल्या आणि म्हणाल्या, घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडतोय म्हणून आई उठत नाहीयेत, तू उपवास करून बघ. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. कधी कधी वाटतं आई सुटल्या तर बरं, आणि मग स्वतःचीच किळस येते. मी देवापासून लांब गेलेय का?
– एक सून

सलाम बाळा,

आधी त्या काकूंचं बोलणं डोक्यातून काढू, कारण ते तिथे बसलंय तोवर बाकी काही आत जाणार नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बघून येशूला अगदी हेच विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? आणि येशू सरळ सांगतो की ना याने ना त्याच्या आईबापांनी. इतकं स्वच्छ उत्तर असूनही आपल्याकडे कुणी आजारी पडलं की लोक घरात दोषी शोधायला लागतात. ईयोबाचे मित्र बघ, आले ते सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तेवढंच त्यांचं चांगलं काम, तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं, शेवटी देवच त्यांच्यावर रागावला. तुझ्या सासूबाईंच्या मेंदूतली रक्तवाहिनी बंद पडली किंवा फुटली म्हणून त्यांची उजवी बाजू गेली, त्यात तुझा विश्वास मोजायचा काही संबंधच नाही. आणि उपवास अजिबात करू नकोस. दिवसरात्र एका मोठ्या माणसाला उचलायचं, कूस बदलायची, वर नोकरी, त्यात रिकाम्या पोटी चक्कर येऊन पडलीस तर दोघींना कोण बघणार? काकूंचा हेतू वाईट नसेल कदाचित, पण प्रत्येक चांगल्या हेतूला घरात घ्यायलाच पाहिजे असं नाही.

आता झोपेचं. मला हे वाचून खरं सांगते थोडं हसूच आलं, कारण तू एकटी नाहीस, गेथशेमानेत पेत्र, याकोब, योहान तिघंही झोपले होते आणि तेही येशूने स्वतः सांगितलं होतं जागे राहा म्हणून. त्याने टोकलं त्यांना, पण म्हणाला काय, आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे. देह अशक्त असतो हे त्याला माहिती आहे. एलीयाचं तर अजून पुढचं, १ राजे १९ काढून वाच, तो रानात झुडपाखाली बसून म्हणतो पुरे झालं, आता माझा जीव घे, आणि देव त्याला प्रवचन देत नाही. तो झोपतो, देवदूत उठवून भाकरी आणि पाणी देतो, तो खातो आणि परत झोपतो, मग परत उठवून परत खायला. बोलणं वगैरे सगळं त्यानंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर. तुझा नंबर सध्या भाकरी आणि झोपेचा आहे असं समज. रात्री अकराला अध्याय पुरा करायचा हट्ट सोड. सकाळी आईंचं अंग पुसताना एक ओळ म्हण, प्रभू दया कर, एवढीच, किंवा बसमध्ये एक स्तोत्र कानाला लाव, आणि नाही जमलं तर नाही जमलं. रोमकरांस आठव्या अध्यायात पौल लिहितो की आपल्याला प्रार्थना कशी करायची तेही कळत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी कण्हून मध्यस्थी करतो. तुझ्या रात्री दोनच्या कण्हण्याला तू प्रार्थना म्हणत नाहीस, एवढाच फरक.

मग ते जड वाक्य, आई सुटल्या तर बरं. हे तू लिहिलंस ते बरं केलंस, कारण हे बहुतेक जणी लिहीत नाहीत पण जिने जिने अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय तिला हे कधी ना कधी वाटलेलं असतं, मला विचारशील तर निम्म्या वेळा त्याचा अर्थ आता मला झोप हवी एवढाच असतो आणि उरलेल्या वेळा त्या माणसाचे हाल बघवत नाहीत. हे पाप नाही. स्तोत्र ८८ उघड एकदा, बाकीच्या बहुतेक रडक्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं, आणि तरी ते आपल्या शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलेलं नाही. म्हणजे असं बोललेलं देवाला चालतं. फक्त एक गोष्ट, हे वाटणं कधी आपणच संपवावं सगळं, स्वतःचं किंवा त्यांचं, अशा दिशेला गेलं तर देवाशी बोलण्याबरोबर माणसाशीही बोलायचं, त्याच रात्री. सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास असं कोणी म्हणालं तर लूक स्वतः वैद्य होता हे सांग.

आता मला खरं जे सांगायचंय ते. तू विचारलंस विश्वास कमी झालाय का, मला वाटतं प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला गेलाय. मार्क २ मधला पक्षाघाती माणूस तुला माहितीच आहे, संडे स्कूलमध्ये चित्रं रंगवली असतील, छप्पर उघडून बाज खाली सोडतात ते. त्यात लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाने तोंडातून एक शब्द काढलेला नाही, आणि त्याला घेऊन आले होते चौघं. चौघं! गर्दी होती, आत जाता येईना, तर कुणाच्या तरी घराचं छप्पर उसकटायची तयारी असलेले चौघं. तुझ्या घरी पण बाज तीच आहे, माणूस तसंच आहे, फक्त चार बाजूंना तू एकटीच धरून उभी आहेस, आणि वर लोक येऊन विचारतायत की बाई तुझा हात का थरथरतोय. त्यामुळे कमी काय पडतंय म्हणशील तर उरलेले तिघं कमी पडतायत.

ते तिघं शोधायचे कुठे, तर तुझ्याच चर्चमध्ये. आपल्या मंडळींचं असं आहे की प्रेयर रिक्वेस्ट टाकली की व्हॉट्सअ‍ॅपवर पाच मिनिटांत हात जोडलेले शंभर येतात आणि प्रत्यक्ष हात एक पण नाही, आणि त्यात दरवेळी त्यांचा दोष असतो असंही नाही, आपण मागतच नाही. 'प्रार्थनेत आठवण ठेवा' असं लिहिलं की लोक आठवण ठेवतात, बस्स. म्हणून यावेळी ग्रुपवर नाही, दोघीतिघींना वेगवेगळा फोन कर आणि नेमकं माग. शनिवारी दुपारी तीन ते पाच आईंजवळ बसाल का, मला झोपायचंय. असंच म्हण, झोपायचंय म्हण, बाजारात जायचंय असलं खोटं कारण देऊ नकोस. तरुण संघात एखादा धट्टाकट्टा मुलगा असेलच, आईंना खुर्चीत बसवायला आणि उचलायला आठवड्यातून दोनदा ये म्हण त्याला, आणि फिजिओथेरपिस्टकडून उचलायची नीट पद्धत तुम्ही दोघांनी शिकून घ्या, नाहीतर तुझी कंबर जाईल. दर दोन तासांनी कूस बदलायचं काम दिवसाच्या बाईला लिहून दे, एअर मॅट्रेस नसेल तर घ्या, पाठीला जखमा झाल्या की मग खरे हाल. पाळकसाहेबांना सांग की आईंसाठी आणि तुझ्यासाठी प्रभुभोजन घरी आणा, आजारी माणसाकडे ते आणतात, त्यांना कळवायला मात्र लागतं.

आणि मागायची लाज वाटत असेल तर पुण्याजवळच केडगावला बघ, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनकडे. रमाबाईंचं नाव आपण असं घेतो जणू त्या बाईने सगळं एकटीने रेटलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून वगैरे शेकड्यांनी मुली आणि बायका आणल्या, पण त्यांना सांभाळलं कोणी, तर आधी आलेल्या मुलींनी, मुलगी मनोरमेने, बाहेरून आलेल्या मदतनीस बायकांनी. रमाबाईंनी बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, ते छापलं तेही मुक्तीतल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी. हात मागितले नसते तर मुक्ती मिशन उभंच राहिलं नसतं. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या, एवढ्या विश्वासाच्या बाईलाही दुःख चुकलं नाही, त्यांच्या घरात कोणाचा विश्वास कमी पडला असं तुझ्या काकू म्हणतील का?

राहिले मिस्टर. मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण यावर तू पत्रात एकच ओळ लिहिलीस, तीही त्यांच्या बाजूने. ती आई कोणाची आहे गं? कमिटी चांगलीच आहे, हिशोब, झुंबर, नाताळचा मंडप, कोणीतरी बघायलाच हवं. पण मार्क ७ मध्ये येशू परूश्यांवर कशावरून चिडतो ते त्यांना वाचायला दे, आईबापाला द्यायचं ते देवाला अर्पण केलंय म्हणून हात वर करायचे, यावरून. देवाचं कारण पुढे करून आईची सेवा टाळणं त्याला अजिबात आवडलेलं नाही. आणि पौल तीमथ्याला लिहितो की जो घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास नाकारतो, तेही चर्चच्या कामाबद्दलच्या पत्रातच लिहितो. भांडू नकोस, मी तुला भांडायला सांगत नाहीये, तुझ्यात तेवढी ताकद पण नाही सध्या. नुसतं सांग, की एक रविवार तुम्ही, एक रविवार मी. रात्रीची एक उठण्याची पाळी त्यांची. बुधवारची कॉटेज प्रेयर महिन्यातून एकदा तुमच्याच घरी ठेवा, आईंच्या खोलीत, मग त्यांनाही गाणी ऐकू येतील, बोलता येत नसलं तरी ओळखीची गाणी पुष्कळदा अशा माणसांच्या तोंडून शब्दासकट निघतात, मेंदूत गाण्याचं काम थोडं वेगळीकडे चालतं म्हणून. कमिटीतल्या लोकांनाही मग कळेल की तुमच्या घरात काय चाललंय, सध्या त्यांना बहुतेक एवढंच माहितीये की कमिटीवरच्या साहेबांची मिसेस हल्ली दिसत नाही.

ते म्हणतील मला आईंचं डायपर वगैरे जमणार नाही. जमतं. तुला तरी कुठे येत होतं. पहिल्या दिवशी शेजारी उभी राहून दाखव, दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जा आणि हाक मारली तरी लगेच धावू नकोस.

येत्या रविवारपासूनच सुरू कर, पुढच्या महिन्यापासून नको, पुढच्या महिन्यात काहीतरी कन्व्हेन्शन निघेल. साडेआठला साडी नेसून निघ, रिक्षा कर, बसची वाट बघत उभी राहू नकोस. चर्चमध्ये मागच्या बाकावर बस आणि उपदेशात झोप लागली तर लागू दे. आणि जाताना डबा करून ठेवू नकोस, वरणभाताला कुकर लावता येतो त्यांना, येत नसेल तर तीन शिट्ट्या एवढं सांगून जा.

– मावशी