पावसाची नोंद शून्य की नोंदच नाही? गुम्बेल वितरणाला दोष देण्यापूर्वी

पंचगंगेच्या खोऱ्यातील वार्षिक कमाल पावसावर गुम्बेल वितरण (वर्षातील सर्वांत मोठ्या आकड्यांची शक्यता सांगणारे संख्याशास्त्रीय सूत्र) बसवूनही 2019 आणि 2021 च्या पावसापुढे शंभर वर्षांचा, म्हणजे सरासरी शंभर वर्षांतून एकदा ओलांडला जाणाऱ्या पावसाचा, अंदाज तोकडा पडला, तेव्हा पद्धतच चुकीची आहे का, असे आपण विचारले आहे. नेमक्या याच अडचणीत मी अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

वितरण बदलण्यापूर्वी आकड्यांतील शून्ये तपासा. एका कार्यालयाकडून मिळालेल्या माझ्या माहितीत, शेजारची केंद्रे धो धो पाऊस दाखवत असताना, एका केंद्रावर ऐन पुराच्या दिवसांत सलग शून्य मिलिमीटर होते. विचारणा केली की "संगणकात आहे तेच अधिकृत" एवढेच उत्तर मिळे. बऱ्याच खेटा घातल्यावर मूळ नोंदवही पाहायला मिळाली, तर त्या तारखांसमोर आडव्या रेघा होत्या आणि शेऱ्यात "रस्ता बंद" असे लिहिलेले होते. रेघेचे शून्य करणाऱ्यांच्या आकड्यांवर लोकांच्या घरादारांचे निर्णय व्हावेत, याचा मला आजही संताप येतो.

हा दोष किरकोळ नाही, कारण नोंदी हरवतात त्या नेमक्या सर्वांत मोठ्या पावसाच्या. वार्षिक कमाल आकडा त्यामुळे खाली येतो, आणि व्यापक टोकमूल्य वितरण (गुम्बेल ज्याचा एक खास प्रकार आहे) बसवले तर आकार-प्राचल (टोकाचे आकडे किती दूर जाऊ शकतात हे ठरवणारा अंक) ऋण निघून पावसाला नसलेली कमाल मर्यादा असल्याचा भास होऊ शकतो. अशा वर्षी "कमाल पाऊस किमान इतका तरी होता" एवढीच माहिती संभाव्यता-फलनात (वितरण हाती असलेल्या आकड्यांशी किती जुळते हे मोजणाऱ्या सूत्रात) घालावी, असे माझे ठाम मत आहे. शेजारच्या केंद्रावरून आकडा भरणे मला पटत नाही. मात्र खंडानंतरची पहिली नोंद अनेक दिवसांची बेरीज तर नाही ना, हेही पाहा.

घाटमाथ्याजवळचे, कितीतरी जास्त पावसाचे गगनबावडा आणि कोल्हापूर शहर यांचे आकडे एकत्र करू नका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळीही पावसाच्या जागी वापरू नका, कारण 43 फुटांची धोका पातळी ओलांडण्यामागे धरणांचा विसर्गही असतो.

मी हवामानशास्त्रज्ञ नाही, संख्याशास्त्र शिकवतो; त्यामुळे बदलत्या हवामानाचा कल प्रतिमानात कसा घ्यावा, हे जाणकारांना विचारावे. "शंभर वर्षांचा पाऊस" म्हणजे दरवर्षी 1 टक्का शक्यता, तीस वर्षांत सुमारे 26 टक्के. त्यामुळे दोन वर्षांच्या अनुभवावरून गुम्बेल बाद ठरवता येत नाही. वार्षिक कमाल आकड्याऐवजी ठरावीक उंबरठा ओलांडणारा प्रत्येक पाऊस घेऊन, अशा आकड्यांसाठीचे व्यापक पॅरेटो वितरण वापरणार असाल, तर एकाच झडीतील सलग दिवस एकच घटना म्हणून मोजा. आपल्या केंद्रातील जून ते सप्टेंबरमधील शून्यांच्या तारखा येथे दिल्यात, तर मी त्या शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहीन.