सिंक दाबल्यावर डीजेला काय काम उरतं?

प्रश्न : दादा, मी आधी मंडळाच्या डॉल्बीवर गाणी लावायचो, आता घरी कंट्रोलरवर (डीजेचा नॉब-बटणांचा बोर्ड) हार्ड टेक्नो, म्हणजे वेगवान दणकेबाज इलेक्ट्रॉनिक संगीत, मिक्स करतोय. मित्र म्हणतात सिंकचं बटण दाबलं की दोन ट्रॅक आपोआप जुळतात, वर सगळं नुसतं धाडधाड, त्यात डोकं कुठं लागतं? खरंच यात कला आहे का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आहे भावा, आणि लय आहे. सिंक दोन ट्रॅकचा वेग एक करतं आणि ठोक्यावर ठोका बसवतं, तेपण सॉफ्टवेअरनं बीटग्रिड (ट्रॅकमधल्या ठोक्यांच्या जागा) बरोबर ओळखली असेल तर. पुढचं सगळं तुझ्या कानावर. हार्ड टेक्नोचा किक, म्हणजे मुख्य जाड ठोका, मुद्दाम डिस्टॉर्ट केलेला (फाटका, खरखरीत) असतो, खालचा सगळा बेस तोच खातो, त्यामुळं दोन किक एकदम सोडलेस की दणका वाढायच्या ऐवजी आवाज गढूळ होतो, कधीकधी तर दोन्ही एकमेकांना मारतात आणि ठोका पोकळच लागतो. म्हणून नवा ट्रॅक आत घेताना त्याचा लो (बेसचा नॉब) बंद ठेवायचा, नुसत्या हाय-हॅटनं (झांजेसारखा बारीक आवाज) चाहूल द्यायची आणि समेवर आलं की एका हातानं जुन्याचा लो खाली, दुसऱ्यानं नव्याचा वर. आता सम कुठली धरायची हे काय सिंक सांगत नाही. १५० बीपीएमला (मिनिटाला १५० ठोके) १६ बार, चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे ६४ ठोके, साधारण साडेपंचवीस सेकंद, तेवढ्यात ऐकायचं, ठरवायचं आणि हात चालवायचा.

क्रिएटिव्हिटी म्हणशील तर डेट्रॉइटच्या टेक्नो डीजे जेफ मिल्सचे सेट बघ. तीन डेक (ट्रॅक वाजवायची यंत्रं) आणि सोबत रोलँडचं टीआर-९०९, १९८३ सालचं ड्रम मशीन, ते तो हातानं लाइव्ह वाजवतो, ट्रॅक पूर्ण संपेपर्यंत थांबत नाही, कामाचा तुकडा घेतला की पुढं. आणि समोरची माणसं वाचायला शिकायचं असेल तर लांब कशाला, कुस्तीच्या मैदानातला हलगीवाला बघ, डाव रंगात आला की बरोबर त्याच क्षणी हात चढवतो, आधी नाही. सगळा सेट फुल्ल दणक्यात ठेवला की पब्लिकचा कान मरतो, ८ बार किक काढून घे, मग परत सोड, फरक अंगावर येतो.

आता एक कर. दोनच ट्रॅक घे, इफेक्ट सगळे बंद, चार-चार बारचे लूप (तोच तुकडा परत परत) लाव आणि फक्त लोच्या नॉबवर अदलाबदल करत रहा. रेकॉर्ड कर, दुसऱ्या दिवशी ऐक. किक कुठं दुबळा पडला ते लगेच सापडेल.