चार मित्रांना दहा दिवस स्कॉटलंडला गोल्फ खेळायला जायचं आहे. सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी, ट्रून, टर्नबेरी, डॉर्नोक हे सगळे कोर्स एका फेरीत बसतील का?

तुम्ही लिहिलंय की चौघेही पुण्याचे, हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका जास्त तितका खेळ कच्चा) १६ ते २४, जूनमध्ये जायचं, समुद्रकाठचे सगळे नावाजलेले कोर्स करायचे, आणि पॅकेज घ्यावं की स्वतः ठरवावं हे कळत नाही. मी दोनदा जाऊन आलोय. पहिल्या वेळी तुमच्यासारखीच यादी केली होती. दुसऱ्या वेळी यादी अर्धी केली, आणि खरं गोल्फ त्या वेळी खेळलो.

त्यामुळे आधी ट्रून, टर्नबेरी आणि डॉर्नोक या वेळी सोडून द्या. वाईट वाटेल, मलाही वाटलं होतं. पण नकाशा समोर ठेवा. सेंट अँड्र्यूज आणि कार्नूस्टी पूर्व किनाऱ्यावर, ट्रून-टर्नबेरी पश्चिमेला, आणि डॉर्नोक इन्व्हरनेसच्याही वर. पहिल्या वेळी आम्ही एक अख्खा दिवस पश्चिमेकडून उत्तरेला जाण्यात घालवला. सहा तास गाडीत अंग आखडलेलं, संध्याकाळी पोचून सामान उतरवायचं, सकाळी आठचा टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ. ज्या कोर्ससाठी एवढे पैसे मोजले त्याचे पहिले सहा होल मला आज आठवत नाहीत. पश्चिम किनारा ही वेगळी सहल आहे. प्रेस्टविकला १८६० साली आठ खेळाडूंत पहिली ओपन (ब्रिटिश ओपन स्पर्धा) झाली, ट्रूनचा आठवा होल ‘पोस्टेज स्टँप’ जेमतेम १२३ यार्डांचा आहे, हे सगळं निवांत बघण्यासारखं आहे. उरकून टाकण्यासारखं नाही.

मी तुमच्या जागी असतो तर एडिनबराला उतरून पहिल्या दोन रात्री नॉर्थ बेरिकला काढल्या असत्या आणि मग सेंट अँड्र्यूजला घर भाड्याने घेऊन उरलेले सगळे दिवस तिथेच राहिलो असतो. एडिनबराहून नॉर्थ बेरिकला लोकल ट्रेन आहे, अर्ध्या तासाच्या आसपास लागतो, आणि स्टेशनवरून कोर्स चालत जाण्याइतका जवळ. तिथल्या वेस्ट लिंक्स या कोर्सवर तेराव्या होलला ग्रीनच्या (भोक असतं त्या आखूड गवताच्या जागेच्या) पुढ्यातच दगडी भिंत आहे. गावाकडच्या बांधासारखी जुनी, बुटकी भिंत. चेंडू तिच्यावरून उचलून टाकायचा. पंधराव्या होलचं नाव रेडान. जगभरातल्या कितीतरी कोर्सवर त्याच्या नकला केल्यात. समोर समुद्रात बास रॉक नावाचा खडक दिसतो, उन्हाळ्यात गॅनेट पक्ष्यांनी पांढरा झालेला. दोन दिवसांत विमानाचा शीण जातो आणि हात वाऱ्याला सरावतात. पहिलाच राउंड ओल्ड कोर्सवर, म्हणजे सेंट अँड्र्यूजच्या सगळ्यात नावाजलेल्या कोर्सवर, अजिबात ठेवू नका.

आता ओल्ड कोर्स कसा मिळतो ते. बऱ्याच जणांना वाटतं की तो कुठल्यातरी बड्या क्लबचा आहे आणि ओळखीशिवाय आत जाता येत नाही. तसं नाहीये. जमीन सार्वजनिक आहे आणि कारभार १९७४ पासून लिंक्स ट्रस्टकडे आहे. आगाऊ बुकिंग हवं असेल तर आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास अर्ज करावा लागतो. ते हुकलं तर बॅलट, म्हणजे सोडत. खेळायच्या दोन दिवस आधी दुपारी दोनपर्यंत नावं द्यायची, संध्याकाळपर्यंत निकाल लागतो. म्हणजे मंगळवारी खेळायचं तर रविवारी दुपारच्या आत. किमान दोघांची नावं लागतात, जास्तीत जास्त चौघांची. आमचं नाव पहिले दोन दिवस आलं नाही, तिसऱ्या दिवशी आलं. म्हणूनच म्हणतोय की तिथे मुक्काम करा. रोज नाव टाकता येतं, आणि नाही लागलं तर बाजूचाच न्यू कोर्स असतो. नाव ‘न्यू’ असलं तरी तो १८९५ चा आहे, आणि मला विचाराल तर तिथे स्कोअर जास्त प्रामाणिक होतो. शिवाय ज्युबिली आहे, ईडन आहे. चौघांचं एकत्र जमलं नाही तर एकट्या खेळाडूंसाठी वेगळी सोडत असते. ज्याला ओल्ड कोर्सची सगळ्यात जास्त आस आहे त्याने तो मार्गही आजमावून बघावा. हँडिकॅपचं सर्टिफिकेट छापून आणि फोनवर, दोन्ही ठेवा. आपल्या क्लबकडून निघायच्या आठवड्यात ताजं घ्या.

पॅकेजचं म्हणाल तर ओल्ड कोर्सची हमी देणारे अधिकृत एजंट आहेत, पण हमीचे पैसे ग्रीन फीच्या, म्हणजे कोर्सवर खेळायच्या शुल्काच्या, कितीतरी वर जातात. नुसती ग्रीन फीच हंगामात ३०० पौंडांच्या पुढे आहे. तुमच्यापैकी कुणी आयुष्यात एकदाच जाणार असेल आणि ओल्ड कोर्स न खेळता परतणं त्याला सहनच होणार नसेल, तर हमी घ्या, पैसे वाया गेले असं वाटणार नाही. एरवी चौघांनी मिळून स्वतः ठरवणं सहज जमतं. बाकीच्या कोर्सचं बुकिंग संकेतस्थळावरून होतं. आणि २०२७ चा विचार असेल तर जून-जुलै टाळा, त्या वर्षी ओपन सेंट अँड्र्यूजला आहे.

रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो. हा दिवस वाया गेला असं समजून कुठे बाहेर जाऊ नका. मला दोन्ही सहलींतला सगळ्यात आवडलेला दिवस तोच. रविवारी तो कोर्स गावाची बाग होतो. आजोबा काठी टेकत अठराव्या फेअरवेवरून चाललेले, पोरं स्विल्कन पुलावर बसलेली, कुत्री मोकळी धावताहेत. त्या दिवशी खेळायच्या आधी कोर्स पायी बघून घ्या, आणि शेवटाकडून सुरुवातीकडे चाला. उलट बाजूने बघितलं की बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, दिसतात. टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारतात तिथे, उभं राहिलं की त्यातले निम्मे दिसतच नाहीत, इतक्या खोलगट जागी ते लपलेले आहेत. एकूण ११२ बंकर आहेत. चौदाव्या होलच्या ‘हेल’ बंकरच्या काठावर उभे राहून खाली बघा, म्हणजे खेळताना त्याच्यापासून लांब का राहायचं ते कुणी समजावायची गरज पडणार नाही. ग्रीनही बघा. चौदा होलांमध्ये दोन-दोन होलांना मिळून एकच भलंमोठं ग्रीन आहे, आणि त्या जोड्यांची बेरीज अठरा येते: दुसरा नि सोळावा, तिसरा नि पंधरावा, असं आठवा नि दहाव्यापर्यंत. १७६४ साली इथेच २२ चे १८ होल झाले आणि पुढे सगळ्या जगाने तोच आकडा धरला.

तुमच्यातल्या एकाच्या पत्नी खेळत नाहीत असं लिहिलंय. त्यांना ‘हिमालयाज’वर नक्की न्या. हो, नाव तेच आहे. ओल्ड कोर्सच्या शेजारी उंचसखल पटिंगचं (चेंडू जमिनीवरून होलात ढकलायचं) मैदान आहे, बायकांच्या पटिंग क्लबचं, १८६७ पासूनचं. थोड्या पौंडांत पटर आणि चेंडू मिळतो आणि कुणालाही खेळता येतं. माझ्या बायकोने आधी कधी पटर हातात धरला नव्हता, ती तिथे दोन तास रमली.

कार्नूस्टी सेंट अँड्र्यूजहून डंडीमार्गे गाडीने पाऊण तासावर आहे. बुकिंग ओल्ड कोर्सपेक्षा सोपं. पण दमवणारा कोर्स आहे, त्याच्या आदल्या दिवशी हलकं खेळा. शेवटच्या होलला बॅरी बर्न नावाचा ओढा आडवा येतो. १९९९ च्या ओपनमध्ये जाँ व्हान द वेल्ड तीन शॉटांची आघाडी घेऊन त्या होलवर आला, पाण्यात अडकला, ट्रिपल बोगी (ठरलेल्यापेक्षा तीन शॉट जास्त) झाली, आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. तो ओढा प्रत्यक्षात किती अरुंद आहे ते बघून मी चाट पडलो. टीव्हीवर तो नदीएवढा वाटला होता.

आणि एक दिवस ईलीसाठी ठेवा, कळकळीने सांगतो. यादीत तुम्ही ते नाव लिहिलेलं नाही, कुणीच लिहीत नाही. सेंट अँड्र्यूजच्या दक्षिणेला, त्याच फाइफमध्ये, छोटंसं गाव. पहिल्या टीसमोर एवढा उंचवटा आहे की पुढचे खेळाडू दिसतच नाहीत. म्हणून स्टार्टरच्या खोलीत पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय, खराखुरा, एचएमएस एक्सकॅलिबर या पाणबुडीवरचा. स्टार्टरने मला त्यातून बघू दिलं. आधी नुसतं आभाळ दिसलं, मग त्याने दांडा थोडा फिरवला आणि उंचवट्यापलीकडचं हिरवं फेअरवे, त्यावर बॅग ओढत निघालेले तिघे, आणि मागे निळा समुद्र. कोर्सवर एकही पार-५ (पाच शॉटांत संपवायचा होल) नाही, सोळा पार-४ आणि दोन पार-३. फी ओल्ड कोर्सपेक्षा खूपच कमी. क्रेलही तसाच, तिथला क्लब १७८६ चा. नावाजलेल्या चार कोर्सच्या मध्ये असे दोन दिवस घातले की सहलीला चव येते.

गाडीबद्दल. आपलं लायसन्स तिथे चालतं, गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची. पण चार गोल्फ बॅग आणि चार सुटकेस साध्या गाडीत मावत नाहीत, मोठी व्हॅनच सांगा. सेंट अँड्र्यूजला रेल्वे नाही. गाडी नको असेल तर ल्यूकार्स स्टेशनला उतरून बस घ्यावी लागते. बॅगेला टणक कव्हर घ्या आणि गोल्फचे बूट हातातल्या सामानात ठेवा. आमच्या एकाची बॅग विमान कंपनीने तीन दिवस उशिरा पोचवली. क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, सगळीकडे भाड्याने मिळाल्या, पण मापाचे बूट मिळता मिळेनात.

हवामानाचं एवढंच की जूनमध्येही दुपारचं तापमान १७-१८ अंशांच्या आसपास असतं आणि वारा कापत असतो. पूर्व किनाऱ्यावर समुद्रावरून धुकं येतं, त्याला तिथे ‘हार’ म्हणतात, आणि दहा मिनिटांत ग्रीन दिसेनासं होतं. पावसाळी सूट चांगल्यातला घ्या, पँटसकट. सह्याद्रीत ट्रेकला वापरतो तो पोंचो नको, स्विंगच होत नाही. उजेड मात्र रात्री दहापर्यंत असतो. त्या उजेडाच्या भरात रोज दोन राउंड ठरवू नका. ओल्ड कोर्सवर बग्गीने फिरायची सोय नाही, चालावंच लागतं. रोज सात-आठ किलोमीटर चालायची सवय आत्तापासून करा.

शेवटी तुमची काळजी, की २४ हँडिकॅपवाल्याची तिथे फजिती होईल का. नाही होणार, फक्त एक शॉट शिकून जा. लिंक्सची, म्हणजे समुद्रकाठच्या अशा कोर्सची, जमीन वाळूची आहे, पाणी झरकन निचरतं, गवत आखूड आणि खालची माती टणक. आपल्याकडे पाणी घातलेल्या जाड गवतावर चेंडू बसल्या जागी वर राहतो, आपण वेज (चेंडू उंच उडवायचा क्लब) घालून तो उचलतो. तिथे तसं केलं की क्लब जमिनीवरून उसळतो आणि चेंडू ग्रीनपार निघून जातो. ओल्ड कोर्सच्या चौथ्या होलला माझा चेंडू ग्रीनच्या अलीकडे तीसेक यार्डांवर होता. मी सवयीने सँड वेज काढला. कॅडी (बॅग उचलणारा आणि सल्ला देणारा सोबती), साठीचा माणूस, काही बोलला नाही. त्याने वेज माझ्या हातातून घेतला, बॅगेत ठेवला आणि पटर दिला. मग पंधरा पावलं पुढे जाऊन एका उंचवट्यावर बुटाचं टोक टेकवलं, निशाण्याच्या बरंच डावीकडे. मी तिथे मारला. चेंडू सारवलेल्या अंगणावरून जावा तसा गेला, उंचवट्यावर रेंगाळला, उजवीकडे वळला आणि होलपासून हातभर अंतरावर थांबला. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

तेव्हा आत्तापासून आठवड्यातून एक तास रेंजवर वेजला हात न लावता घालवा. सात नंबरचा आयर्न, चेंडू मागच्या पायाकडे, अर्धाच स्विंग, चेंडू गुडघ्याच्या वर जाता कामा नये. उन्हाळ्यात कोर्सच्या कडेची जमीन वाळून कडक होते, तिथे केलात तर उत्तम. आणि चौघांत निदान दोन कॅडी घ्या, विशेषतः ओल्ड कोर्सवर. पैसे आणि वर टीप रोखीने द्यायची असते, तेवढे पौंड खिशात असू द्या. व्हिसाचा अर्ज निघायच्या दोन-अडीच महिने आधी टाका, जूनला तिकडे जाणारी गर्दी फार असते.