कान फुंकून घेण्याआधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. गुरुपौर्णिमेला एका महाराजांकडून अनुग्रह, म्हणजे गुरुमंत्र, घ्यायचा म्हणतेस, फॉर्म भरलास, पांढरी साडीही आणून ठेवलीस, आणि आता शेवटच्या ओळीत विचारतेस, "बाई, घेऊ का?" साडी आणल्यावर विचारतेस म्हणजे मनात कुठेतरी खुटखुट आहे. ती तशीच राहू दे, घाईघाईने पुसून टाकू नकोस.

आधी तुझ्या भीतीचं बोलू. गुरू केल्याशिवाय घेतलेलं नाम फुकट जातं, असं तिथल्या ताईंनी सांगितलं, आणि पुरावा म्हणून हरिपाठातली ओळ दिली: "गुरुविणें अनुभव कैसा कळे." ओळ खरी आहे, पाचव्या अभंगातली आहे. पण हरिपाठ पाचव्या अभंगापासून सुरू होत नाही. पहिल्याच अभंगात माउली म्हणतात, "देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी । तेणें मुक्ति चारी साधियेल्या ॥" त्या दारात उभं राहायला कुणाची चिठ्ठी लागते असं तिथे म्हटलेलं नाही. आजपर्यंत आजीच्या मांडीवर बसून जे म्हणत आलीस ते वाया गेलं, असं सांगणाऱ्याचं ऐकू नकोस. गुरूची गरज नाही असंही मी म्हणत नाही. ज्ञानेश्वरांनाही गुरू लागला. त्यांचे गुरू घरातच होते, थोरले भाऊ निवृत्तिनाथ. निवृत्तिनाथांना गहिनीनाथ भेटले ते त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर, असं संप्रदाय मानतो. सगळ्यांच्याच वाट्याला अशी भेट येत नाही, आणि ती ठरवून, तारीख काढून होते असंही नाही.

तुकोबांचंच बघ. त्यांच्या दीक्षेची हकिगत त्यांनी स्वतःच एका अभंगात सांगितली आहे. स्वप्नात ते गंगास्नानाला निघालेत, वाटेत बाबाजी भेटतात आणि डोक्यावर हात ठेवतात. मग जेवणासाठी पावशेर तूप मागतात, आणि तेवढंच स्वप्नात विसरायला होतं. "सत्य गुरूरायें कृपा मज केली । परी नाहीं घडली सेवा कांहीं ॥" काहीतरी अंतराय आला आणि गुरू त्वरेने निघून गेले. जाताना परंपरेची खूण सांगितली, राघवचैतन्य, केशवचैतन्य, आपलं नाव बाबाजी, आणि मंत्र दिला राम कृष्ण हरि. दिवससुद्धा नोंदवला आहे: माघ शुद्ध दशमी, गुरुवार. मला या अभंगातलं ते तूप फार आवडतं. एवढा मोठा प्रसंग, आणि माणसाच्या मनाला लागून राहिलंय ते पावशेर तूप द्यायचं राहिलं हे.

आता तुझ्या फॉर्मवरची अट आठव. "मंत्र कोणासही सांगणार नाही." तुकोबांनी काय केलं? मिळालेला मंत्र अभंगातच घालून टाकला. आज देहूच्या वाटेवरचं शेंबडं पोरही तो म्हणतं, आणि वारीत दोन अनोळखी माणसं एकमेकांना नमस्काराऐवजी 'रामकृष्णहरी' घालतात. तिकडे तमिळ मुलुखात रामानुजाचार्यांची कथा याच जातीची आहे. तिरुकोष्टियूरच्या गुरूंनी गुप्त ठेवायला सांगितलेला मंत्र त्यांनी देवळात उंच चढून सगळ्या गावाला सांगितला. आपण नरकात गेलो तरी चालेल, इतके लोक तरतील, हे त्यांचं उत्तर. मंत्र गुप्त ठेवणाऱ्या परंपरा पुष्कळ आहेत, आणि त्यांची कारणंही आहेत. आपल्या साधनेचा बोभाटा होऊ नये, मन एका जागी राहावं, हे मला कळतं. मंत्र झाकून ठेवायला हरकत नाही. पण मंत्राबरोबर आणखी काय काय झाकायला सांगतात, ते मात्र नीट बघ.

कारण कानात पडलेल्या शब्दाने माणूस बदलताना मी फारसा पाहिलेला नाही. बदलतो तो चारचौघांसमोर घेतलेल्या नियमाने. आमच्याकडे वारकऱ्यांत माळ घालतात त्यात लपवण्यासारखं काहीच नसतं. तुळशीच्या मण्यांची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवायची किंवा समाधीला लावायची आणि फडावरच्या, म्हणजे वारकरी मंडळीतल्या, महाराजांनी किंवा एखाद्या जुन्या माळकऱ्याने ती गळ्यात घालायची, की झालं. मग नियम सांगतात: मद्यमांस वर्ज्य, परस्त्री आईसमान (बायकांनी ते आपल्या बाजूने समजून घ्यायचं), एकादशी करायची, रोज हरिपाठ म्हणायचा, वर्षातून पंढरीची वारी चुकवायची नाही. आजूबाजूला दहा-वीस माणसं असतात, त्यांच्या देखत 'हो' म्हणायचं. पुढचं सगळं काम ती माणसं करतात. दारू सुटावी म्हणून माळ घातलेले गडी प्रत्येक गावात असतात. गळ्यात माळ दिसली की जुने दोस्त पेला पुढे करत नाहीत, दुकानदारही विचारात पडतो, बायको पुन्हा पैसे डब्यात ठेवायला लागते. माळ तुटली तर नवी गळ्यात पडेपर्यंत अन्नपाणी न घेणारे म्हातारे मी पाहिलेत. काहीजण माळ काढूनही ठेवतात, देवापाशी नेऊन ठेवतात आणि पुन्हा बाटलीकडे वळतात. गाव चार दिवस बोलतं. तू विचारलंस ना, घेतलेलं सोडता येतं का? येतं. फार लागतं मनाला, पण आकाश कोसळत नाही. 'सोडलंस तर घराण्याचं वाटोळं होईल' असं कुणी म्हणालं, तर तिथे मुळीच घेऊ नकोस.

चारचौघांतल्या दीक्षेचं आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यांत मोठं उदाहरण नागपूरचं आहे. 14 ऑक्टोबर 1956, अशोक विजयादशमी. बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील घेतलं, आणि मग लाखोंच्या समुदायाला स्वतः धम्मदीक्षा दिली, 22 प्रतिज्ञांसह. सगळं भर दिवसा, मोठ्या आवाजात, प्रत्येकाला ऐकू जाईल असं. त्या प्रतिज्ञांत राम आणि कृष्ण यांना देव मानणार नाही, अशी एक प्रतिज्ञा आहे. म्हणजे माझ्या मंत्राला तिथे सरळ नकार आहे. तरीही दीक्षा कशी असावी म्हणून कुणी विचारलं तर मी त्या मैदानाकडेच बोट दाखवते. माणूस कशाला 'हो' म्हणतोय आणि कशाला 'नाही', ते त्याला आधी माहीत होतं.

तुला ते माहीत आहे का? पत्रात महाराजांच्या डोळ्यांतल्या तेजाबद्दल पानभर लिहिलंस. अनुग्रह घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तू काय करायचंस, याबद्दल एक ओळ नाही. किती जप, कोणती पथ्यं, कोणती सेवा, किती वेळ? समर्थांनी दासबोधात सरळ सांगून ठेवलंय: "शिष्यास न लाविती साधन । न करविती इंद्रियेंदमन । ऐसे गुरु आडक्याचे तीन । मिळाले तरी त्यजावे ॥" त्या काळच्या अडक्याची किंमत ती काय! तेवढ्यात तीन मिळाले तरी नकोत, म्हणतात. तुकोबा तर त्याहून कडक: "मेघवृष्टीनें करावा उपदेश । परि गुरुनें न करावा शिष्य ॥ वांटा लाभे त्यास । केल्या अर्धकर्माचा ॥" शिष्याच्या कर्माचा निम्मा वाटा गुरूच्या माथी बसतो. हे ज्याला खरं वाटतं तो एका सकाळी शंभरजणांना रांगेत बसवून अनुग्रह देताना जरा तरी घाबरेल की नाही?

प्रश्न विचारायला लाजू नकोस. गीतेत चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवायची रीत सांगितली आहे ती अशी: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. नमस्कार आणि सेवा यांच्या मधोमध प्रश्न बसलाय. हल्ली तेवढाच गाळतात. आणि गुरूने शिष्याला पारखावं तसं शिष्यानेही गुरूला पारखावं. गोरोबाकाकांनी थापटण्याने सगळ्या संतांची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट तू चौथीत ऐकलीस. पुढची जरा मोठं झाल्यावर कळते. रुसलेले नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले तर हे गृहस्थ पिंडीवर पाय टाकून झोपलेले. नामदेव चिडले आणि तोंडावर बोलले. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलतात आणि जिथे ठेवतात तिथे पिंड. शिष्य आधी भांडला, गुरूने ते भांडण ऐकून घेतलं आणि त्यातूनच शिकवलं. तुझ्या महाराजांना असं भांडलेलं चालेल का? एकदा साधा प्रश्न विचारून बघ. उत्तर महाराज देतात की भोवतीचे लोक तुला गप्प करतात, तेवढं पाहिलंस तरी पुष्कळ कळेल.

एक कडू गोष्टही लिहिते, तू मुलगी आहेस आणि शहरात एकटी राहतेस म्हणून. एकांतात बोलावणं, रात्रीची 'विशेष दीक्षा', मागच्या जन्मीचं नातं, असं काही निघालं तर पर्स उचलायची आणि बाहेर पडायचं. नंतर पाप लागेल का याचा विचार करत बसू नकोस. अंगात दैवी शक्ती आहे किंवा मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस असं भासवून लैंगिक संबंध ठेवणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. तुझ्या महाराजांबद्दल माझा तसा काही संशय नाही, मी त्यांना पाहिलेलंही नाही. पण हे माहीत असावं.

आईला अजून सांगितलं नाहीस, हे मला खटकलं. ती चिडेल म्हणतेस. चिडू दे. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई, त्यांचा नवरा तर मारायचा. ब्राह्मणाच्या बायकोने वाण्याला गुरू करावं, हे त्याला सहन होईना. कोल्हापुरात बहिणाबाईंनी जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग ऐकले, ध्यास घेतला, आणि स्वप्नात तुकोबांनी अनुग्रह दिला. तुकोबा तेव्हा देहूत हयात होते. हे सगळं बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्राच्या अभंगांत मारहाणीसकट लिहिलंय. त्यांनी काही लपवलं नाही, आणि संसारही टाकला नाही. पुढे नवऱ्यासह त्या देहूला आल्या. तुझी आई फार तर दोन दिवस बोलणार नाही.

तेव्हा गुरुपौर्णिमा या वर्षी जाऊ दे. महाराज खरे असतील तर पुढच्या वर्षीही तिथेच असतील. तोवर एक कर: दोन्ही एकादश्या धर आणि रोज हरिपाठ म्हण. ऑफिसच्या पार्टीत ताटात काय घेतेस ते तुझं तू बघ, कुणाला सांगायची गरज नाही. कंपनीने परदेशी पाठवलं तरी यातलं काही अडत नाही. वर्षभर जमलं, आणि तरीही कुणाच्या तरी हातून काहीतरी घ्यावं असं वाटलं, तर कार्तिकात वद्य एकादशीला आळंदीला ये. मी असतेच. ज्यांच्याकडून माळ घ्यायची ते आमच्या दिंडीतले विणेकरी आहेत, तुला आधी दहा प्रश्न विचारतील, आणि तू विचारलेल्या दहांना उत्तरंही देतील. माळ तिथे कुठेही मिळते, बारीक मण्यांची घे, जाड मणी झोपेत टोचतात. आईला सोबत आण.

तुझी,
बाई

ता. क. – फॉर्मबरोबर दरमहा खात्यातून पैसे वळते करायच्या कागदावर सही मागितली आहे, असं लिहिलंयस. अनुग्रहाचं काय ठरायचं ते ठरो, ती सही करू नकोस. केली असलीस तर उद्याच बँकेत जाऊन थांबव.