लॉनमध्ये डिसेंबरपासून तीन पानांचं, पिवळ्या फुलांचं तण पसरतंय. हे काय आणि कसं काढू?

ही आंबुटी (काही जण आंबोशी म्हणतात), आणि घरच्या लॉनमधून ती खुरप्यानं, शेंगा पिकायच्या आत काढणं हाच खात्रीचा उपाय. ओळख पक्की करायची तर पान चावून बघा, आंबट लागतं. तिन्ही पानं बदामाच्या आकाराची असतात आणि रात्री मिटतात. उभ्या, बारीक भेंडीसारख्या शेंगा पिकल्या की नुसत्या स्पर्शानं फुटून बी दूर उडवतात, म्हणून उशीर करू नका. थंडीत हरळीच्या लॉनची वाढ मंदावते, तेवढ्या रिकाम्या जागेत ही हातपाय पसरते.

आदल्या संध्याकाळी पाणी द्या, सकाळी माती मऊ असताना काढा. जमिनीलगत पळणाऱ्या खोडाला पेरापेराशी मुळं फुटतात, वरवर उपटलंत तर तुकड्यातून पुन्हा येते. काढलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका. नंतर रोज थोडं पाणी शिंपडण्याऐवजी माती वरून सुकल्यावर भरपूर द्या, आणि गवत फार खरवडून कापू नका. अर्धवट कुजलेलं शेणखत किंवा कुठलीही माती लॉनवर पसरणं टाळा, बी बहुधा त्यातूनच येतं. नर्सरीच्या कुंड्याही तपासा.

ग्लायफोसेट हे तणनाशक मारू नका, लॉनही जळेल.

मात्र त्याच जागी तिकोनी दांड्याचं, खाली गाठी असलेलं काही निघालं तर तो लव्हाळा. त्याला हा उपाय पुरत नाही, गाठी खणूनच काढाव्या लागतात.